सिलिंडरपुढचं गाऱ्हाणं

प्राजक्ता, ती बॅग ठेव कोपऱ्यात आणि बस आधी. लाईट गेलेत, कधी येतील देव जाणे. हा दिवा पुरेल आपल्याला. चहा नंतर. आत्ताच्या आत्ता तुला सांगितलं नाही तर मी फुटेन, आणि मध्येच "असं कसं होईल, फेली मॅडम?" म्हणालीस तर रागावेन. तू वनस्पतिशास्त्राची. तुमच्याकडे काही पेटत नाही, काही उडत नाही. आमच्या केमिस्ट्रीचं तसं नसतं.

तू सुट्टीला कोल्हापूरला गेलीस त्यानंतरची, परवाच्या खंडेनवमीची गोष्ट. कॉलेज बंद. मी झेंडूच्या माळा घेऊन लॅबमध्ये गेले होते. काम साधंच. आमचा शिपाई लवू दरवर्षी त्या दिवशी लॅबची पूजा करतो. मी चर्चला जाणारी असले तरी ती पूजा कधी चुकवत नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याला फूल वाहायला कुणाचा धर्म आड येतो?

फक्त लवूवर लक्ष ठेवावं लागतं. गेल्या वर्षी त्याने बारीक वजनाच्या तराजूच्या पारड्यात अक्षता टाकल्या होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणून यंदा आधीच दम दिला होता. फुलं वाहा, हळद लाव, पिंजर-कुंकू लाव, पण तेलाचं बोट कुठेही लागता कामा नये. कारण यंदा लॅबमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर आला होता.

तो आला अनिशसाठी. आपला अनिश, सांगलीचा, यंदाच लागलेला आमचा नवा सर. काजूच्या टरफलांत किती उष्णता असते ते मोजायचं खूळ त्याने घेतलं होतं. त्यासाठी जे यंत्र लागतं त्याला म्हणतात बॉम्ब कॅलरीमीटर. जाड पोलादी डबा, त्यात टरफलाची पूड, वर दाबाने भरलेला ऑक्सिजन, आणि मग आत ठिणगी. नाव ऐकूनच लवूने कपाळाला हात लावला होता. "मॅडम, नावात बॉम्ब आसा, तरी तो लॅबात ठेवतास?" दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याचे काजू कारखानदार प्रयोग बघायला येणार होते. अनिशला त्या आठवड्यात झोप म्हणून नव्हती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

आता हे नीट ऐक, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दाबातल्या ऑक्सिजनला तेल चालत नाही. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. जोडावर तेलाचं बोट असलं आणि तू चावी फिरवलीस, की ते आपोआप पेटतं. आणि ऑक्सिजनमध्ये लोखंडसुद्धा पेटतं, बरं का. समोर उभा असेल त्याचा चेहरा राहत नाही. आणि इथे आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने बिजागरी, कुलूप, सायकलची चेन, सगळं गंजतं, म्हणून प्रत्येकाच्या हाताशी खोबरेल. जिथे लोखंड करकरलं तिथे थेंब सोडायचा, ही आपली सवय. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये मला याची इतकी धास्ती वाटली नसती.

तर मी लॅबच्या पायऱ्या चढले तेव्हा भर दुपार होती. आमच्याकडे मध्यरात्रीला घाबरत नाहीत तेवढं भर दुपारी बाराला घाबरतात, हे तुला ठाऊक आहे का? त्या वेळी कुणी विहिरीवर जात नाही, पिंपळाखालून जात नाही. ऑक्टोबरचं ऊन. सुरूची झाडं हलत नव्हती. समुद्राचा आवाजसुद्धा लांब गेल्यासारखा. दाराशी लवू आरतीचं ताट घेऊन उभा, आणि दार आतून लोटलेलं.

"अनिश सर आतमदी आसत," लवू हळूच म्हणाला.

मी दार ढकललं. आधी वास आला. लॅबचा तो ॲसिडचा, जुन्या लाकडाचा वास नाहीच. खोबरेल! अगदी नुकतं ओतल्यासारखं, दाट. आणि समोर अनिश. काळ्या अंगाचा, पांढऱ्या गळ्याचा तो सिलिंडर भिंतीला साखळीने बांधलेला, त्यावर रेग्युलेटर बसवलेला, आणि ह्या शहाण्याचा हात चावीवर.

"हात काढ!" मी ओरडले. माळा खाली पडल्या. "अनिश, हात काढ आधी!"

त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. "काय ओ मॅडम! एकदाच भरून बघणार होतो. चेनने बांधलाय, बाजूला उभा आहे, सगळं तुम्ही शिकवलं तसंच..."

"वास येत नाही तुला?"

त्याने नाक वर केलं. मग त्याचा चेहरा उतरला.

मी कोरा टिश्यूपेपर घेतला आणि जोडावरून फिरवला. पेपर तेलाने पारदर्शक झाला. प्राजक्ता, ह्या पोराची आई एकटी. वडील लहानपणीच गेले. जूनमध्ये ती त्याला सोडायला आली होती, तेव्हा माझे दोन्ही हात धरून म्हणाली होती, "बाई, एवढा एकच आहे मला. तुमच्या ओटीत घालते." चावी अर्धी फिरली असती तर त्या बाईला मी काय तोंड दाखवलं असतं?

सगळा राग लवूवर निघाला. "अरे लवू! इतकं बजावलं होतं तुला!"

"मॅडम, मी तेल लावूक नाय." त्याचे डोळे पाण्याने भरले. "देवाशप्पथ. मी अजून भितर पावल टाकूक नाय. माका ह्या सरांची भीती, तुमची भीती, नि त्या बॉम्बाची त्याहून भीती."

ताटात पाहिलं. हळद, पिंजर, फुलं, नारळ. तेल नव्हतंच.

"ठीक आहे," मी म्हटलं. "हा रेग्युलेटर बाद." एकदा तेल लागलं की पुसून वापरायचं नाही, ही माझी पद्धत. पाना लावून तो काढला, लाल चिठ्ठी बांधली आणि बाजूला ठेवला. कपाटात दुसरा होता, कोरा, कंपनीच्या जाड प्लास्टिकमध्ये बंद. ऑक्सिजनसाठी खास धुऊन, वाळवून पाठवतात तसा. मी साबणाने हात धुतले. अनिशने धुतले. वास बघितला, हात कोरडे. मग अनिशने कात्रीने पिशवी कापली.

आणि तो तसाच उभा राहिला.

"मॅडम... बघा."

बंद पिशवीतल्या त्या नव्या रेग्युलेटरच्या आट्यांवर सूत गुंडाळलेलं होतं. पांढरं सुती सूत, अगदी शिस्तीत, एकाला एक लागून, तेलात भिजवलेलं. शेवटी एक बारीक गाठ. पिशवी शाबूत होती, प्राजक्ता. मी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. कापली तेवढीच फट.

मी लवूकडे बघितलं. लवू त्या गाठीकडे बघत होता. त्याने हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

"मॅडम... ही गाठ म्हादवाची."

महादू तुला माहीत नाही. तू यायच्या आधीचा. लवूच्या आधी तोच लॅबचा शिपाई होता. त्याही आधी मच्छीमारांच्या ट्रॉलरवर इंजिन बघायचा. इंजिनाच्या पाइपांना तेलाचं सूत गुंडाळून जोड घट्ट करायची त्याची सवय, ती त्याने लॅबमध्ये आणली. नळ, बर्नर, स्टँड, एकही लोखंड त्याने कोरडं ठेवलं नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तोंडवलीहून चालत यायचा. मी म्हणायची, "महादू, आज सुट्टी आहे रे!" तर म्हणायचा, "वाऱ्याक खंय सुट्टी आसता, बाये?" मला अख्ख्या कॉलेजात 'बाये' म्हणणारा तो एकटाच. दोन वर्षांपूर्वी गेला. काही अघटित नाही ग, साधा तापाने गेला, आपल्या घरात, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. आमच्या लॅबमध्ये तेव्हा ऑक्सिजन नव्हता. त्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.

"लवू, काहीतरी बरळू नकोस," मी म्हटलं खरं, पण माझाच आवाज मला परका वाटला.

तेवढ्यात अनिशने माझी बाही ओढली. तो सिलिंडरकडे बोट दाखवत होता. रेग्युलेटर काढल्यावर सिलिंडरचं तोंड उघडं होतं. त्या कोरड्या पितळेवर तेलाचा एक थेंब उभा राहिला. कुठून आला? वर छत कोरडं. थेंब जमला, आणि मग कुणी अंगठ्याने पसरावा तसा हळूहळू आट्यांवरून फिरू लागला. एकही आटा न सोडता. किती काळजीने, किती मायेने! जेजू देवा, मला तेव्हा भीती वाटली ती त्या मायेची. दुष्टावा असता तर मी क्रूस काढला असता. हा तर आपलं काम करत होता.

"तेका कळाक नाय," लवू कुजबुजला. "तेचो काय दोष? तो वायट करणा नाय, मॅडम. तेका सांगूक व्हया."

"कुणी सांगायचं? कसं?"

"गाऱ्हाणा घालूक व्हया."

गाऱ्हाणं म्हणजे इथे देवाला, जागेच्या राखणदाराला मोठ्याने घातलेलं साकडं; बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. प्राजक्ता, तू हसशील. मी एमएस्सी, तीस वर्षं मुलांना सिलिंडर कसा हाताळायचा ते शिकवते. आणि त्या दिवशी तेच सगळे नियम मी एका मेलेल्या माणसाला सांगायला निघाले. पण दुसरं काय करणार होते? पळून गेलो असतो तर परवा ह्या पोराने पुन्हा चावीला हात घातलाच असता. आणि खरं सांगू? भीतीबरोबर मला उत्साहही चढला होता. अंगावर काटा होता आणि जीव उड्या मारत होता.

लवूने नारळ सिलिंडरपुढे ठेवला. अनिशला म्हणाला, "सर, तुमी हात लावचो ह्येका. तुमच्यासाठीच सांगाचा आसा." अनिशने सिलिंडरच्या काळ्या अंगावर तळहात टेकला. लवूने डोळे मिटले आणि एकदम त्याचा आवाज बदलला, देवळातला झाला.

"बा राखणदारा म्हाराजा! आणि बा म्हादवा! तू हयसर चाकरी केलंस. लोखंडाक तेल घातलंस. तुझी चाकरी आमका पावली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. मोठ्याने.

"पण ह्या नळ्यात ऑक्सिजन आसा, म्हाराजा! तेका तेल चलणा नाय. तेलाचो थेंब लागलो तर हयसर जाळ होतलो, ह्या पोराचो जीव जातलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी लवूच्या कानाशी लागून एकेक सांगू लागले. ग्रीस नको, सूत नको, नळाची पांढरी टेप नको. तो तेच गाऱ्हाण्यात ओवत गेला. "साखळी बांधलेली रवांदे, म्हाराजा! नेताना टोपण बसलेला रवांदे! चावी सावकाश फिरांदे! तोंडासमोर कोण उभो रव नये! गळता काय ता साबणाच्या पाण्यान बघूचा, काडी पेटवन नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" आता अनिशही ओरडत होता. लॅब दणाणत होती. काचेच्या बाटल्या किणकिणत होत्या.

लवू भरात आला होता. ह्या पुढचं मी त्याला सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्याच्या तोंडून आलं, गाऱ्हाण्याच्या शेवटी येतं तसं.

"आणि आजपासून ह्येका जो हात लावीत तो तुझो, म्हाराजा! तेका पोटच्या पोरासारखो सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघांनीही म्हटलं. अनिशचा तळहात अजून सिलिंडरवरच होता.

आणि टेबलावरच्या त्या नव्या रेग्युलेटरचं सूत सुटू लागलं. आमच्या डोळ्यांसमोर गाठ ढिली झाली, एकेक वेढा उलगडला, आणि सूत लादीवर पडलं. मी उचललं तर कोरडं होतं. रिळावरून नुकतं काढल्यासारखं पांढरं. खोबरेलाचा वास गेला आणि लॅबचा जुना वास परत आला. लवू रडत होता. अनिश हसत होता. मी दोघांना मिठीच मारली.

तरी मी तो सिलिंडर वापरला नाही हं. भुताने पुसला म्हणून नियम बदलत नाही. लाल चिठ्ठी लावून परत पाठवला. आज सकाळी कुडाळहून दुसरा आला, तो आणि त्याच्यासोबतचा नवा रेग्युलेटर, दोन्ही तपासून घेतले. टिश्यूवर डागसुद्धा नाही.

आणि दुपारी प्रयोग काय झाला, प्राजक्ता! तू असायला हवी होतीस. कारखानदार खुर्च्यांवर बसले होते. अनिश बाजूला उभा राहिला, डोकं वळवून, चावी इतकी सावकाश फिरवली की काटा हळूच वर चढला. जोडांवर साबणाचं पाणी लावून बघितलं. मग डबा पाण्यात, ठिणगी, आणि पाण्याचं तापमान चढू लागलं. टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले. शिकला ग पोरगा, असं मनात आलं.

मग त्याने हात कमरेला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाब बरो आसा, बाये."

सगळे हसले. सांगलीचे सर मालवणी शिकले म्हणून कौतुक झालं. मीही हसले. हसता हसता माझी नजर दाराकडे गेली. अनिशचे बूट दाराबाहेर काढून ठेवलेले होते. लॅबमध्ये अनवाणी यायचं नाही, ह्यावरून महादूशी मी वर्षानुवर्षं भांडले, आणि त्याने कधी ऐकलं नाही. देवाच्या जागी चप्पल घालून कसा येव, म्हणायचा. मी लवूला शोधलं. तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पांढराफटक.

पाहुणे गेले. अनिशने केर काढला, टरफलं भरली, खिडक्यांच्या कड्या लावल्या. मी दोनदा हाक मारली, "अनिश, अरे राहू दे." त्याला ऐकूच गेलं नाही. मग तो निघाला. मोटारसायकल तिथेच सोडून, अनवाणी, किनाऱ्याच्या वाळूतून.

"म्हादू असोच जाय घराक," लवू म्हणाला.

मी स्कूटर काढली. तोंडवलीला पोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. महादूची बायको काशीबाई अंगणातच उभी होती. मला बघून पुढे आली, ओठांवर बोट ठेवून.

"हळू, बाई. पेज खाल्लान नि आडो झालो हा."

"काशीबाई, तो अनिश आहे. आमचा सर. सांगलीचा."

"माका म्हायत आसा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र उजळला होता. "मी काय आंधळी नाय, बाई. पण दारात येवन तेना माका हाक मारल्यान. एकांतात मारी ती हाक. ती दुसऱ्या कोणाक म्हायत नाय... आजची रात रवांदे. सकाळी मीच धाडून दितंय."

मी त्या बाईचा हात बाजूला केला आणि ओसरीवरून ओरडले, "अनिश! अरे अनिश!" आत काळोख. काही नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही. मग... का कोण जाणे, माझ्याही नकळत तोंडून गेलं, "महादू?"

"इलंय, बाये."

लगेच आलं उत्तर. अनिशच्याच आवाजात, त्याच्या त्या स्वच्छ, कोवळ्या आवाजात. तो डोळे चोळत बाहेर आला, माझ्यासमोर अदबीने उभा राहिला, आणि हातातली वस्तू माझ्यापुढे धरली. त्याचा मोबाइल. वाजत होता. पडद्यावर त्याच्या आईचा फोटो होता, गणपतीत काढलेला, हिरव्या साडीतला.

"बाये, ही बाई मगापासून हाक मारता," तो म्हणाला. "कोण ही? रडता कित्याक?"

मी फोन घेतला आणि आले. तो अजून तिथेच आहे, काशीबाईकडे. तुला वाटलं असेल मघापासून माझ्या पर्समध्ये काय थरथरतंय... हा बघ. पुन्हा तीच. प्राजक्ता, तू उचल ना. मला सांग, मी तिला काय सांगू?